गाडी चावी ओळखत नाही तेव्हा काय करायचं: पहिल्यांदाच बटणवाली गाडी घेतलेल्यांसाठी

गणपतीच्या आधीचा शनिवार होता. गाडी दादरला एका तळघरातल्या पार्किंगमध्ये लावून आम्ही रानडे रोडला खरेदी केली आणि चारच्या सुमारास परत आलो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, सासूबाईंच्या कडेवर सजावटीच्या सामानाचा खोका. दाराच्या हँडलवरचं काळं बटण दाबलं, काही झालं नाही. चावीवरचं दाबलं, तरी काही नाही. दुसऱ्या तळघरात मोबाईलला नेटवर्क नव्हतं, त्यामुळे हेल्पलाइनही नाही आणि इंटरनेटही नाही. आमची धडपड बघून पार्किंगवरचा मुलगा आला. म्हणाला, "ताई, चावीच्या आत चावी असते, ती काढा ना." त्याने चावीच्या बाजूची छोटी खिटी सरकवली, आतून लोखंडी पाती बाहेर ओढली, दार उघडलं. सायरन कोकलायला लागला. तो शांतपणे म्हणाला, "आता ब्रेक दाबा आणि चावीच बटणाला टेकवा." गाडी सुरू झाली, सायरन बंद झाला. सगळं मिळून तीन मिनिटं.

गाडी घेऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो सगळं झालं होतं, पण ही तीन मिनिटांची गोष्ट कुणी दाखवली नव्हती. म्हणून हा लेख. चावीतला सेल संपला तरी चावी संपत नाही, आणि तुम्ही गाडीबाहेर अडकून पडत नाही. फक्त कुठे काय आहे हे आधी माहीत हवं आणि एकदा हाताने करून बघितलेलं हवं.

चावी आणि गाडी एकमेकींशी बोलतात कशा

हे दोन मिनिटं समजून घ्या, म्हणजे पुढचं काही पाठ करावं लागणार नाही.

तुम्ही हँडलवरचं बटण दाबता तेव्हा गाडी अगदी जवळच्या अंतरात एक हाक मारते. बहुतेक गाड्यांत ती १२५ किलोहर्ट्झच्या आसपास असते, आणि ती हाताच्या अंतरापलीकडे फारशी जात नाही. ती ऐकून खिशातली चावी जागी होते आणि स्वतःची ओळख पाठवते. हे उत्तर वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर जातं, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. उत्तर द्यायला ताकद लागते आणि ती येते चावीतल्या छोट्या गोल सेलमधून.

पण चावीत आणखी एक वस्तू असते. एक चिप, जिला सेल लागतच नाही. मेट्रोचं कार्ड आठवा. त्यात कुठे सेल असतो? तरी गेटवर टेकवलं की दार उघडतं, कारण गेटच कार्डाला लागेल तेवढी वीज पुरवतं. गाडीच्या स्टार्ट बटणामागे किंवा त्याच्या आसपास तसंच एक वेटोळं असतं. चावी त्याला टेकवली की चिप जागी होते, ओळख पटते आणि इंजिनला परवानगी मिळते. सेल पूर्ण मेलेला असला तरी.

आधी ठरवा: चावी गेली की गाडीची बॅटरी

दार उघडत नाही म्हटल्यावर सगळे चावीला दोष देतात. बऱ्याच वेळा दोष गाडीच्या बॅटरीचा असतो, आणि मुंबईत तर हे जास्तच, कारण आपण आठवडाभर लोकलने जातो आणि गाडी रविवारपर्यंत उभी असते. त्यात डॅशकॅम लावलेला असेल तर तो बॅटरी हळूहळू पितच असतो.

चावीवरचं बटण दाबून बघा. तिच्यावर बारीक लाल दिवा असेल तर तो लागतो का? लागतच नसेल किंवा अगदी मिणमिणता लागत असेल, तर सेल. चावीचा दिवा ठणठणीत लागतोय पण गाडी ढिम्म, तर गाडीच्या बॅटरीकडे बघा. पातीने दार उघडल्यावर आतला दिवा लागतो का, हॉर्न वाजतो का, बटण दाबल्यावर डॅशबोर्ड उजळतो का? आत सगळा अंधार असेल तर सेल बदलून काही होणार नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायला जंपर केबल लागेल. इलेक्ट्रिक गाडीलाही हेच लागू आहे. मोठी बॅटरी भरलेली असली तरी दारं आणि कुलपं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात.

धक्का मारून बघू, असं सोसायटीतले काका हमखास सुचवतील. बटणवाल्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर त्याने काही होत नाही. चावी ओळखणाऱ्या यंत्रणेलाच वीज नसते, मग इंजिनला परवानगी देणार कोण? ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरू होतच नाही.

सगळ्यात खात्रीची चाचणी मात्र दुसरी चावी. ती आणून बघा. दुसऱ्या चावीने सगळं सुरळीत झालं तर गाडी बरी आहे, दोष पहिल्या चावीत. दोन्हींचे दिवे नीट लागत असूनही होत नसेल तर दोष गाडीत किंवा आसपासच्या सिग्नलच्या गोंगाटात.

आत कसं शिरायचं

चावीच्या कडेला किंवा मागे एक खिटी किंवा बारीक बटण असतं. ते दाबून धरा आणि कडीची बाजू ओढा, पाती निघते. आता चालकाच्या दाराच्या हँडलपाशी भोक शोधा. काही गाड्यांत ते उघड दिसतं, काहींत प्लास्टिकच्या टोपणाखाली लपलेलं असतं. टोपणाच्या खालच्या बाजूला बारीक फट असते, त्यात पातीचं टोक घालून हळूच उचला. काही गाड्यांत आधी हँडल ओढून धरावं लागतं. जोर लावू नका. पाती नाजूक असते आणि वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप आपल्या दमट हवेत जाम झालेलं असू शकतं. वर्षातून एकदा पातीने कुलूप फिरवून ठेवलं तर ऐनवेळी रडत नाही.

सायरन वाजला तर घाबरू नका. गाडीला वाटतं कुणीतरी चोरून शिरलंय. इंजिन सुरू झालं की तो थांबतो. वॉचमनला किंवा आसपासच्या लोकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे गर्दी जमत नाही.

गाडी सुरू कशी करायची

स्क्रीनवर "की नॉट डिटेक्टेड" किंवा तशा अर्थाचा संदेश येतो, किंवा चावीचं चित्र लुकलुकतं.

पहिल्यांदा चावीचं कव्हर काढा. लेदरचं, सिलिकॉनचं, आणि धातूचं असेल तर नक्कीच. दादर, क्रॉफर्ड मार्केट, कुठल्याही अॅक्सेसरीच्या दुकानात सध्या चकचकीत धातूची कव्हरं मिळतात. दिसायला छान, पण धातू सिग्नल अडवतो, आणि टेकवून सुरू करताना जाडीमुळे चिप बटणापासून लांब राहते. माझं मत विचाराल तर धातूचं कव्हर घेऊच नका.

मग ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पी (पार्क) मध्ये आणा आणि ब्रेक पूर्ण दाबा. मॅन्युअल गाडी असेल तर क्लच तळापर्यंत. नवीन चालकांच्या बाबतीत "गाडी चावी ओळखत नाही" या तक्रारीतल्या बऱ्याच वेळा खरी गोष्ट एवढीच असते की क्लच अर्धाच दाबलेला असतो. त्यामुळे डॅशबोर्ड लागतो, इंजिन लागत नाही.

आता चावी टेकवायची. इथे कंपनीगणिक फरक आहे. ह्युंदाई आणि कियाच्या बऱ्याच गाड्यांत बोटाऐवजी चावीनेच बटण दाबायचं. टोयोटात चावीची लोगो असलेली बाजू बटणाला टेकवायची, आवाज आला की लगेच बटण दाबायचं. मारुती सुझुकीच्या स्मार्ट की असलेल्या गाड्यांतही चावी बटणाला टेकवायचीच पद्धत आहे. काही गाड्यांत मात्र ही जागा बटणावर नसते. ती कप ठेवायच्या खळग्यात, मधल्या कप्प्यात किंवा स्टीअरिंगच्या दांड्याला असते आणि तिथे चावीचं छोटं चित्र असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत "इमर्जन्सी स्टार्ट" किंवा "स्मार्ट की बॅटरी" या नावाखाली हे सापडेल. त्या पानाचा फोटो आत्ताच काढून मोबाईलमध्ये ठेवा. तळघरात नेटवर्क नसतं, हे मी सांगितलंच.

पहिल्या खेपेला नाही झालं तर चावी उलटी करून टेकवा, जरा वर-खाली सरकवा. चिप चावीच्या नेमक्या कुठल्या टोकाला आहे हे बाहेरून दिसत नाही. आणि स्टीअरिंग अडकलंय असा संदेश येत असेल तर बटण दाबताना स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवा. चाक फुटपाथला टेकलेलं असेल तर हे कुलूप फार घट्ट बसतं.

गाडी सुरू झाली की घरी जाऊन मग बघू असं करू नका. सेल मिळेल अशा दुकानाशी थांबा, आणि कुणी सोबत असेल तर इंजिन चालू ठेवून त्यांना सेल आणायला पाठवा.

सेल चांगला असूनही ओळखत नसेल तर

चावी आणि मोबाईल एकाच खिशात आहेत का ते बघा. चावी वायरलेस चार्जरच्या पॅडवर ठेवली असेल तर उचला. हा चार्जर बहुतेक गाड्यांत नेमका तिथेच असतो जिथे हात आपोआप चावी ठेवतो. पॉवर बँक, लॅपटॉप, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसलेले स्वस्त चार्जर, हे सगळे आसपास गोंगाट करतात आणि त्यात चावीचा बारीक आवाज हरवतो. घरात दोन गाड्या असतील तर दोन्हींच्या स्मार्ट की एकाच पर्समध्ये ठेवू नका. चावी डॅशबोर्डच्या टोकाला, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा पायाशी पडली असेल तरी गाडीला ती सापडत नाही. सीटवर आणा आणि पुन्हा बघा.

एखाद्या ठरावीक जागीच असं होत असेल, म्हणजे एखाद्या टॉवरखाली किंवा मोठ्या ट्रान्समीटरजवळ, तर चावी बिघडलेली नाही. टेकवून सुरू करा आणि तिथून निघा.

सेल बदलणं

हे घरी होतं. त्यासाठी सर्व्हिस सेंटरला जायची गरज नाही, आणि सेल बदलल्यावर चावी पुन्हा गाडीशी जोडावी लागेल ही भीतीही बहुतेक गाड्यांत अनाठायी आहे. ओळख चिपमध्ये कोरलेली असते, सेल काढल्याने ती पुसली जात नाही.

सेलचा नंबर जुन्या सेलवरच लिहिलेला असतो. बहुतेक वेळा सीआर २०३२. या आकड्यांत पहिले दोन म्हणजे व्यास, २० मिलिमीटर, आणि पुढचे दोन म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. दुकानदाराकडे २०३२ नसेल तर तो २०२५ पुढे करतो, "एकच आहे, चालेल" म्हणतो. गोलाई एकच असते हे खरं, पण जाडी २.५ मिलिमीटरच असते. मग सेल आत सैल बसतो आणि खड्ड्यात गाडी आपटली की संपर्क तुटतो. आपल्या रस्त्यांवर हे व्हायला किती वेळ लागणार? जो नंबर आहे तोच घ्या.

मिळतो कुठे? घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे, इलेक्ट्रिकच्या दुकानात आणि बऱ्याच मेडिकलमध्येही, कारण साखर तपासायच्या काही मशीनला हाच सेल लागतो. जास्त घ्यायचे असतील तर लॅमिंग्टन रोड. मात्र बंद पाकिटातला, तारीख बघून घ्या. डबीत सुटे एकमेकांना चिकटून पडलेले सेल आधीच अर्धे उतरलेले असतात.

पाती काढली की चावीच्या सांध्यात एक खाच दिसते. त्यात नाणं किंवा रुमाल गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हळूच पिळा. आइस्क्रीमची लाकडी काडी त्याहून बरी, ओरखडा उठत नाही. उघडल्याबरोबर आधी फोटो काढा: सेलची अधिकची खूण वर आहे की खाली, रबरी पट्टी कशी बसलीये. जुना सेल नखाने किंवा काडीने उचला. आतली पत्र्याची जीभ वाकवू नका, ती वाकली की नवा सेलही टेकत नाही. नवा सेल कडेने धरा. काही कंपन्या लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून सेलवर कडू थर देतात, तो कधीकधी संपर्क अडवतो. नवा सेल घालूनही चावी मुकी असेल तर सेल स्पिरिटने पुसून पुन्हा बसवा.

आणि ती रबरी पट्टी. हिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण मुंबईच्या पावसात तीच चावी वाचवते. तिची कड सगळीकडून खाचेत बसली की मगच दोन भाग दाबा. "टक" आवाज आला पाहिजे, आणि कुठेही फट राहता कामा नये.

काढलेला सेल घरात इकडेतिकडे टाकू नका. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजून जखम होऊ शकते. तसा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठा, वाट बघू नका. चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्यात द्या.

सेल साधारण दोन-तीन वर्षं जातो. त्याआधीच संपत असेल तर चावी कुठे टांगता ते बघा. स्टिल्ट पार्किंगच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत असाल आणि गाडी नेमकी घराखाली असेल, तर दोघींची कुजबुज दिवसरात्र चालू राहू शकते आणि सेल त्यात खर्च होतो. टीव्ही किंवा कॉम्प्युटरशेजारी ठेवलेल्या चावीचंही तेच. खुंटी दुसऱ्या भिंतीला हलवा.

भिजलेली चावी

छत्री असली तरी खिसा भिजतोच. चावी भिजली तर बटणं दाबून बघत बसू नका. लगेच उघडा, सेल बाहेर काढा, पाणी झटका, सुती कापडाने टिपा आणि उघडीच पंख्याखाली दिवसभर ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, प्लास्टिक वाकतं. चौपाटीवर खाऱ्या पाण्यात पडली असेल तर नुसतं वाळवून भागत नाही, मीठ आत राहून तांबं खातं. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून आतला सर्किट बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या, आणि तेही त्याच दिवशी.

गाडीच पाण्यात उभी राहिली असेल तर वेगळा विचार करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तितका दरवर्षी पडत नाही, पण हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा सखल जागी पाणी वारंवार तुंबत आलंय. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीने चावी ओळखली नाही तर तिला टेकवून-बिकवून सुरू करायचा प्रयत्न करू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर सुरू करण्यानेच ते फुटतं. टो करून न्या. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकची गाडी असेल तर चारही चाकं वर उचलणारी गाडी हवी, असं फोनवर स्पष्ट सांगा.

चावी लोकलमध्ये, गाडी रस्त्यावर

हे माझ्या बहिणीच्या घरी झालं. तिला स्टेशनला सोडायला भावजी निघाले. गाडी तिने सोसायटीतून काढली होती, त्यामुळे चावी तिच्या पर्समध्ये. ती ठाण्याला उतरली, भावजी चालकाच्या जागेवर बसले आणि निघाले. गाडीने बीप केलं, स्क्रीनवर काहीतरी आलं, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, कोण वाचतंय? घरी येऊन त्यांनी इंजिन बंद केलं. मग सुरू होईना. चावी तोपर्यंत घाटकोपरला पोचली होती.

चालू इंजिन चावी दूर गेली म्हणून बंद पडत नाही, ते सुरक्षिततेसाठी मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. पण एकदा बंद केलंत की चावीशिवाय पुन्हा सुरू होणार नाही. म्हणून चालवताना "चावी गाडीत नाही" असा संदेश आला तर इंजिन बंद करू नका. आधी फोन करा. पुढच्या स्टेशनला उतरायला सांगा, तिथवर गाडी चालू ठेवूनच जा. सी लिंक किंवा अटल सेतूवर असाल तर मध्ये थांबू नका, पलीकडे उतरून सुरक्षित जागी थांबा. आणि माणूस उतरताना "चावी?" एवढं विचारायची सवय लावून घ्या.

चावी हरवली किंवा खरंच बिघडली तर

रस्त्यावरचा चावीवाला पाती तासून देईल, पण त्याने फक्त दार उघडेल. चिप गाडीशी जोडल्याशिवाय इंजिन लागणार नाही. नवी चावी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच करून घ्या. खर्च काही हजारांत जातो आणि चावी मागवायला दिवस लागतात. आरसी आणि मालकाचं ओळखपत्र लागतं. हरवली असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन करता येते. विमा कंपनी ती नोंद मागते, आणि तुमच्या पॉलिसीत चावी बदलून मिळण्याचं जोडकलम आहे का ते आधी बघा. नूतनीकरणाच्या वेळी ते थोड्या पैशांत घेता येतं.

जाताना घरातली दुसरी चावीही न्या. बऱ्याच गाड्यांत नवी चावी जोडताना जुन्या सगळ्या पुसून नव्याने नोंदवाव्या लागतात. हरवलेली चावी पुसून टाकायलाही तेव्हाच सांगा, नाहीतर ती ज्याला सापडेल त्याच्यासाठी गाडी उघडीच.

दुसऱ्या चावीबद्दल एक शेवटचं. आमच्या दादरच्या प्रकारानंतर मी घरी येऊन कपाटातली दुसरी चावी काढली, पिशवीसुद्धा न फोडलेली. तिचाही दिवा लागला नाही. दोन्ही सेल एकाच दिवशी कारखान्यात बसले होते. तेव्हापासून दोन्हींचे सेल एकदमच बदलते आणि आत मार्करने महिना-वर्ष लिहून ठेवते. दुसरी चावी आता कपाटात नसते, पार्ल्याला आईकडे असते. गाडी कुठेही अडकली तरी कुणीतरी लोकलने घेऊन येऊ शकतं.